मधल्या फळीतली जागा

दुपारच्या शांततेत स्टीलचा पेला फरशीवर पडला आणि गडगडत जाऊन देव्हाऱ्याच्या पाटाला थटला. आबांनी तो स्टुलावर ठेवला होता. म्हणजे स्टूल जिथं असायला हवं तिथं ठेवला होता. स्टूल तिथून वीतभर डावीकडं होतं.

मी खाली बसून गवारीच्या शेंगा मोडत होते. पेला माझ्या गुडघ्याला घासून गेला. आबा मात्र दाराकडं बघत होते.

“कुठं गेला?”

“तुमच्या समोरनंच गेला की, आबा.”

ते उठले, दाराला कडी घातली. ती चाचपडत घातली, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. परत येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसले.

“दिगूला सांगायचं न्हाई. तालमीत तर अजिबात न्हाई.”

“काय सांगायचं न्हाई?”

“तुझं नाक दिसतंय मला. कान दिसत न्हाईत.”

नळकांड्यातून बघितल्यासारखं दिसतं म्हणाले. गेल्या दिवाळीपासून. समोरचं रुपयाएवढं दिसतं, भोवतीनं सगळी राख. मिरजेला जाऊन आले होते. काचबिंदू. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंब घालून टिकवायचं.

“मिरजेला कधी गेला होता? तुम्ही तर सांगलीला गोलकीपर बघायला गेलो म्हणाला होता.”

“डॉक्टर कॉलेजात गोलीच होता. फार खोटं न्हाई बोललो.”

माझे आबा, हिंदुराव साळोखे, शाळेत पी.टी.चे मास्तर होते आणि निवृत्त झाल्यावर पिंपळकट्टा तालमीच्या फुटबॉल संघाचे मास्तर झाले. कोल्हापूरबाहेरच्यांना हे सांगावं लागतं. आमच्याकडं तालीम म्हणजे कुस्तीचा हौदा, मारुती आणि फुटबॉलचा संघ. हौद्यात आता फारसं कुणी उतरत नाही, मारुतीला शनिवारी तेल मिळतं, आणि पेठेची सगळी अब्रू फुटबॉलच्या संघाला टांगलेली असते.

त्या वर्षी ती जरा जास्तच लोंबकळत होती. नोंदणीचा आठवडा असतो, खेळाडूनं कुठल्या तालमीकडून खेळणार ते लिहून द्यायचं. त्या आठवड्यात आमची चार पोरं चुनेगल्ली तालमीत गेली. चुनेगल्ली आमच्यापासून दोनशे पावलांवर. परदेशी गेली असती तर लोकांनी हार घातले असते, पण दोनशे पावलं गेलेल्याला कुणी ओळख दाखवेना. चारांतली तीन मधल्या फळीतली होती.

तालमीचे सेक्रेटरी किसनतात्या रोज सकाळी आमच्या पायरीवर बसून चहा प्यायचे आणि तेच सांगायचे. “मास्तर, मधली फळी राहिली न्हाई आता. नुसती फट हाय. वारं येतंय तिच्यातनं.”

“येऊ दे. उकडतंयच.”

“तुमचं बरं हाय. माझ्या तोंडावर चुनेगल्लीवाला हसतोय, दूध आणायला गेलं की.”

“दूध दुसरीकडनं आणा.”

तर अशा वेळी आबांच्या डोळ्यांत राख साठली होती. मी त्यांना म्हणाले, सोडा की मग.

“सोडणार. हा संघ उभा करून सोडणार. आत्ता उठलो तर म्हणतील चुनेगल्लीला भ्याला. मग शाल देतील, नारळ देतील आणि तात्या भाषण करंल. त्याचं भाषण ऐकण्यापरीस आंधळा झालेला बरा.”

मग म्हणाले, “तू कॉलेजातनं चारला येतीस न्हवं?”

*

असं माझं काम सुरू झालं. मैदानाच्या कडेला आबांची घडीची लोखंडी खुर्ची असायची, तिच्या शेजारी माझी आली. माझ्या मांडीवर वही. लोकांना सांगितलं, मास्तरांचे गुडघे दुखतात, उठबस होत नाही, नोंदी लेक घेते. आबांनी गुडघ्याला पट्टाही बांधला. त्यांचे गुडघे पेठेत सगळ्यांत चांगले होते.

“मास्तर, पी.ए. ठेवली व्हय?” तात्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“माझं अक्षर तुम्हाला लागत न्हाई म्हणून ठेवलीय.”

वहीत मी काही लिहीत नव्हते. मी बोलत होते, ओठ फार न हलवता, आबांना तेवढं ऐकू जाईल असं. त्यांनी मला नियम घालून दिले होते. ‘मस्त’, ‘भारी’, ‘वाईट’ असले शब्द नकोत. कुणी घेतला, कुणाला दिला, किती वेळ पायात ठेवला, बास. मैदानाची एक बाजू मारुतीकडची, एक पाण्याच्या टाकीकडची.

“आणि चुका आधी सांग,” ते म्हणाले. “चांगलं आपोआप कळतंय. फॉरवर्ड गोलावरनं कळतो, बॅक उंचीवरनं कळतो. मधल्या फळीतला हाफ चुकांवरनं कळतो.”

“म्हणजे कमी चुका करंल तो?”

“ते तात्याला वाटतं.”

आठवडाभरात मी त्यात तरबेज झाले. लहानपणापासून ताटापुढं बसून हेच ऐकलेलं. आबा माझ्याकडून ऐकायचे आणि मध्येच खुर्चीतून ओरडायचे, “मोमीन, मागं बघ, मागं,” आणि तौफिक मोमीन दचकून मागं बघायचा. पेठेतली जुनी माणसं माना डोलवायची. मास्तरांना आता पूर्वीपेक्षाही जास्त दिसतं, असं बोलणं सुरू झालं. ते ऐकून आबा गुडघ्याचा पट्टा आवळायचे.

मधल्या फळीत तीन जागा. उजवीकडं कॅप्टन अभिजित मंडलिक, डावीकडं मोमीन, या दोन ठरल्या. मधली एक उरली, आठ नंबरची. ज्याच्या पायातून सगळा संघ जातो ती. तिला दोन जण होते.

एक मल्लिकार्जुन कोरी, गडहिंग्लजचा. एक पिशवी आणि बुटांची जोडी घेऊन आला आणि तालमीच्या वरच्या खोलीत राहायला लागला. मल्लू फार बोलायचा नाही. डावा पाय गोड होता त्याचा. तीन माणसांतून बॉल घेऊन निघायचा आणि चौथ्याला देऊन टाकायचा. चौथा पुष्कळदा समोरच्या संघाचा असायचा.

दुसरा दिग्विजय हिंदुराव साळोखे. माझा भाऊ.

दिगूची दोन वर्षं बाकावर गेली होती. तेविसावं लागलं होतं. मामांनी चाकणच्या एका कंपनीत त्याच्यासाठी जागा बोलून ठेवली होती. एका सकाळी, भाकरी मोडता मोडता, आबांनी निकाल दिला. “या वर्षी अकरात आलास तर खेळ, मी मामाला सांगतो काय ते. न्हाई आलास तर एक तारखेला चाकण. मग बुटाचं नाव काढायचं न्हाई.”

“चालंल,” दिगू म्हणाला. “पण तुम्ही मला पोरगा म्हणून घ्यायचं न्हाई आणि पोरगा म्हणून टाकायचं पण न्हाई. खेळ बघून काय ते करा.”

“बघूनच करीन,” आबा म्हणाले.

मी तव्यावरची भाकरी उलटली.

*

मध्येच हेही सांगते. आई गेली तेव्हा मी पंधराची होते, माझा उजवा हात मोडून गळ्यात होता, आणि दोन महिने माझी वेणी दिगूनं घातली. त्याला तीन पेडाची येत नव्हती. दोनच पेड पिळून वर रबर लावायचा. शाळेच्या फाटकापर्यंत ती सुटायची. मैत्रिणी हसायच्या, आणि मी घरी येऊन सांगायचे, आज टिकली रे.

निवडीचे तीन सामने होते. आपापसातलेच, अर्धे लाल, अर्धे बिनजर्सीचे. पहिल्यात मल्लू लालमध्ये, दिगू समोर.

“मल्लू, अभीकडनं घेतला. एकाला टाकला. दोघांना. टाकीकडं. गेला, आबा. पायातनं काढला.”

“मग?”

“परत पळाला. मागनं गाठलं. काढून घेतला.”

“हं.”

विसाव्या मिनिटाला दिगूकडं बॉल आला. मोमीन मोकळा होता. दिगूनं मान वर करून बघितलं आणि पास दिला तो सरळ समोरच्या माणसाच्या पायात. असा पास शाळेतलं पोरगं देत नाही. मैदानावरची चार-पाच माणसं ‘अरारा’ म्हणाली.

“कोण?” आबांनी विचारलं. “कुणाचा गेला?”

दिगू वळला होता. बॉल घेऊन पळणाऱ्या पोराच्या मागं तो असा सुटला की मला त्याचे बूटच दिसत होते. अर्धं मैदान. मारुतीकडच्या कोपऱ्यात त्यानं त्याला गाठलं, खाली घसरून बॉल काढला, उठला आणि शांतपणे बॅकला दिला.

“कुणाचा गेला म्हटलं?”

“कळलं न्हाई, आबा,” मी म्हणाले. “गर्दीत गेला. आपल्याच बॅकनं काढला.”

पास लपवायचा म्हटल्यावर मागं पळणंही लपवावं लागलं. ते वेगळं कुठून सांगणार. मला फार काही केल्यासारखं वाटलं नाही. वेणी टिकली रे म्हटल्यासारखंच वाटलं.

दुसरा सामना नीट गेला. दिगू घेत होता, देत होता, मी सांगत होते. “दिगू, मोमीनला. दिगू, अभीला. एका टचमध्ये.” आबा नुसतं हं म्हणायचे. तिसऱ्यात टाकीजवळ दिगूचा पाय घसरला, बॉल गेला, आणि तो परत पळत कोपऱ्याच्या झेंड्यापर्यंत गेला आणि बॉल बाहेर घालवून आला. तेव्हाही मी म्हणाले, मोमीनकडं गर्दी होती, बॉल बाहेर गेला. आता सवय झाली होती.

त्या दिवशी संध्याकाळी दिगू ताटावर बसला आणि हळूच म्हणाला, “आबा काय लिहायला लावतात गं माझ्याबद्दल?”

“वाईट एक अक्षर न्हाई.”

“एक पण न्हाई?”

“एक पण न्हाई.”

“त्यो टाकीजवळचा?”

“तो पण न्हाई.”

त्यानं एक भाकरी जास्त घेतली. म्हणाला, आबा वाटतात तसे नाहीत बरं का.

*

संघ जाहीर करायची आमच्या तालमीची एक रीत आहे. कागद लावत नाहीत. शनिवारी सकाळी अकरा जर्सी मारुतीच्या पायाशी ठेवतात, गुलाल लागतो, आणि मास्तर एकेक उचलून नाव घेऊन ज्याच्या त्याच्या हातात देतात. जर्सी हातात पडली की खेळाडू खाली वाकून हौद्यातली चिमूटभर माती कपाळाला लावतो. त्यानंतर मास्तरांनाही शब्द फिरवता येत नाही. कुणाला आजवर फिरवता आला नाही.

आदल्या दुपारी मी अंगणात जर्स्या वाळवल्या, घड्या घातल्या आणि एकपासून अकरापर्यंत रचून दिल्या, एक नंबरची सगळ्यांत वर. आबांनी बोटांनी घड्या मोजल्या.

“नावं सांगा की, मी चिठ्ठी लावते,” मी म्हणाले.

“नावं माझ्यापाशी राहू देत.”

तालमीच्या त्या खोलीला एकच दार, पूर्वेकडं. सकाळचं ऊन सरळ आत येतं. आबा मारुतीला पाठ करून उभे राहिले, म्हणजे ऊन त्यांच्या तोंडावर. नळकांड्यातलं रुपयाएवढंही त्या उजेडात गेलं असणार. मी दारात होते, मला ते दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं. पोरं अर्धगोलात उभी होती. डावीकडून तिसरा दिगू, आंघोळ करून, भांग पाडून. मल्लू उजवीकडं टोकाला, बाहेरून आल्यासारखा.

सातपर्यंत नीट झालं. नाव घेतलं की ज्याचं त्यानं पुढं यायचं, जर्सी घ्यायची, वाकायचं. आबांना हात फक्त पुढं करायचा होता.

“आठ,” आबा म्हणाले आणि घडी उचलली.

तात्यांनी खोकला दाबला.

“कोरी मल्लिकार्जुन.”

आणि आबांचा हात पुढं झाला तो डावीकडं. मल्लू कुठं उभा आहे ते त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी जर्सी धरली ती सरळ दिगूच्या छातीसमोर.

मल्लू जागचा हलला नाही. आपलं नाव ऐकूनही तो आबांच्या हाताकडं बघत राहिला, कारण हात त्याच्याकडं नव्हता. सगळेच हाताकडं बघत होते. आबा तसेच उभे, हात लांब करून, कुणीतरी ती घेईल याची वाट बघत.

दिगूनं ती घेतली.

मला वाटलं, आता काय करेल हा. तो आबांच्या तोंडाकडं बघत होता. ऊन होतं, आबांचे डोळे मिटल्यासारखे बारीक झाले होते, आणि त्यांत काही वाचायला नव्हतं. मग दिगू वळला, अर्धगोल ओलांडून गेला आणि घडी न मोडता ती जर्सी मल्लूच्या हातात दिली. मल्लूच्या खांद्यावर एक थाप मारली. परत आपल्या जागी येऊन उभा राहिला.

“नऊ,” आबा म्हणाले.

तात्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. “काळीज लागतं,” ते शेजारच्याला म्हणाले, पण सगळ्या खोलीनं ऐकलं. “पोटच्या पोराला टाकला, आणि त्याच्याच हातानं दुसऱ्याला द्यायला लावली. ह्याला मास्तर म्हणतात.”

दुपारपर्यंत हे पेठेभर झालं. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. निःपक्षपाती निवडीचा आदर्श असं काहीतरी होतं त्यात. चुनेगल्लीतला दूधवालासुद्धा तात्यांना म्हणाला, तुमच्या मास्तरांना मानलं.

*

तालमीतून घरी येताना आबांचा हात माझ्या खांद्यावर असायचा. लोक म्हणायचे, लेकीवर किती माया. त्या दिवशी मी खांदा काढून घेणार होते, पण समोर गटाराचं झाकण उघडं होतं.

“डावीकडनं,” मी म्हणाले.

ते डावीकडून आले.

“का टाकलात त्याला?”

“तूच सांगितलंस.”

“मी? मी एक शब्द वाईट सांगितला न्हाई त्याचा.”

“तेच म्हणतोय. मल्लूच्या तू नऊ चुका सांगितल्यास. मी मोजल्यात. नऊ वेळा बॉल घालवला. आणि सात वेळा परत पळाला. हे पण तूच सांगितलंस. मला हाफ कळतो तो तिथं. बॉल सगळ्यांचाच जातो. गेल्यावर परत कोण पळतो, ते बघायचं असतं. दिगू तीन सामन्यांत एकदा पण परत पळालेला मी ऐकला न्हाई.”

मी थांबले. त्यांना थांबावं लागलं.

“चूक न करणारा हाफ मी तीस वर्षांत बघितला न्हाई,” ते म्हणाले. “म्हणजे पोरगी झाकतीय. झाकतीय म्हणजे झाकण्यासारखं पुष्कळ असंल. आणि परत पळत पण नसंल. पळाला असता तर तेवढं तरी तू सांगितलंच असतंस.” त्यांनी माझ्या खांद्यावर बोटं जरा दाबली. “मी रागावलो न्हाई. भाऊ हाय. पण मला दुसऱ्या कशावरनं कळणार?”

दोन होत्या आबा. दोनच. आणि दोन्ही वेळा पळाला. मारुतीकडच्या कोपऱ्यापर्यंत पळाला, अर्धं मैदान, मला नुसते बूट दिसत होते.

हे मी म्हणाले नाही. आठ नंबर मल्लूच्या हातात पडली होती, त्यानं वाकून माती लावली होती. आता सांगितलं तर शब्द फिरणार नव्हता, फक्त आबांना कळणार होतं. मला त्यांना घरापर्यंत न्यायचं होतं.

“उंबरा,” मी म्हणाले.

एक तारखेला दिगू चाकणला गेला. बूट त्यानं मल्लूला दिले, दोघांच्याही पायाचं माप सारखंच. स्टँडवर मी त्याला डबा दिला. बसमध्ये चढता चढता तो थांबला.

“एक विचारतो. आबांनी तिन्ही सामने नीट बघितले न्हवं माझे?”

“हो.”

“सगळे?”

“सगळे.”

“मग काय बोलायचं न्हाई.” त्याचं तोंड खरंच मोकळं झालेलं दिसलं. “त्यांनी बघून टाकलंय म्हणजे माझ्यात न्हाईच ते. उगाच दोन वर्षं बाक झिजवला.”

मल्लू त्या मोसमात चांगला खेळला. पुढच्या नोंदणीला चुनेगल्लीत गेला. दिगूचे बूट घालून.

*

याला बारा वर्षं झाली. माझं लग्न होईपर्यंत मी त्या लोखंडी खुर्चीवर बसले आणि सगळ्यांच्या सगळ्या चुका सांगितल्या. मग आबांनी गुडघ्याचं कारण सांगून तालीम सोडली. शाल मिळाली, नारळ मिळाला, तात्यांनी पाऊण तास भाषण केलं. ती जर्सीची गोष्ट त्यात तीनदा आली. तालमीत आबांचा फोटो लावला आहे आणि नव्या पोरांना तो दाखवून सांगतात की या माणसाला खेळाडू नुसता बघून कळायचा.

डोळे त्यानंतर हळूहळू पूर्ण गेले. ‘वयानं’ असं आम्ही सांगितलं आणि दिगूनंही तेच धरलं. आता आबा माझ्याकडं असतात. माझी जुई सहा वर्षांची आहे. त्यांच्या पलंगाला टेकून बसते आणि दिसेल ते त्यांना सांगते. समोरच्या गच्चीवर कुणी काय वाळत घातलंय तेसुद्धा. तिला कुणी शिकवलं नाही.

दिगूचं चाकणला बरं चाललंय. दिवाळीला येतो, मैदानाकडं फिरकत नाही. त्याचा शंभू नऊ वर्षांचा आहे, शाळेच्या संघात मध्ये खेळतो. काल दिगूचा फोन आला. पुण्याची एक अकादमी पोरं घेतेय, शनिवारपर्यंत सांगायचंय.

“त्याचा सामना पाठवलाय मोबाइलवर,” दिगू म्हणाला. “आबांना दाखव.”

“आबांना काय दाखवू?”

“जुई सांगंल की बघून. तिच्या बोलण्यावरनं त्यांना बरोबर कळतं. आबा घाल म्हणाले तर घालतो. त्यांना त्याच्यात काय दिसलं न्हाई तर राहू दे. पोराचं उगाच माझ्यासारखं व्हायला नको.”

आज शाळेतून आल्यावर जुई मोबाइल घेऊन आबांजवळ बसली. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. तिचा आवाज येत होता. शंभूदादाकडं आला. शंभूदादानं दिला. परत आला. आबा विचारत होते, कुणाला दिला, किती वेळ ठेवला, आणि तिचं त्यांना पटतंय असं त्यांच्या हुंकारावरनं कळत होतं. मग तिचा आवाज थांबला.

“मग?” आबांनी विचारलं. “गेला? कुणाचा गेला? परत पळाला का?”

जुई आत आली. मोबाइल पोटाशी धरलेला. दार तिनं पायानं हळूच लोटलं आणि माझ्या कमरेला चिकटून, आजोबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

“आई, शंभूदादाचा बॉल गेला. आणि तो पळालाच नाही, तिथंच उभा राहिला. आजोबा विचारतायत. खरं सांगू, का छान सांगू?”